ठेवताना स्वस्त, परत घेताना?

फोनवर ‘स्टोरेज फुल’चा इशारा आला की बहुतेक घरांत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. आधी गुड मॉर्निंगची फुले आणि फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ उडवले जातात. तेवढ्याने भागत नाही. मग कोणीतरी म्हणते, ‘फोटो सगळे गूगलवर आहेतच, इथले काढून टाका.’ गूगल फोटोजच्याच अ‍ॅपमधून फोटो निवडून पुसले जातात आणि ते फोनमधून जातात तसे गूगलच्या खात्यातूनही जातात, कारण त्या अ‍ॅपच्या लेखी दोन्हीकडचा फोटो एकच. बॅकअप झालेला फोटो साठ दिवस कचरापेटीत पडून राहतो. तेवढ्यात कोणाला बारशाचा अल्बम आठवला तर ठीक, नाहीतर संपले. फोनमधली जागा तेवढी मोकळी करायची वेगळी सोय त्याच अ‍ॅपमध्ये असते, पण घाईत तिकडे कोण बघतो?

ऑनलाइन बॅकअपबद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, आयक्लाउड ही मुळात सिंक करणारी साधने आहेत. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे ताबडतोब उतरवायचा, हे त्यांचे काम. चुकून पुसलेली फाइल, अर्धवट बिघडलेला हिशेबाचा तक्ता, रॅन्समवेअरने कुलूप घातलेला अख्खा फोल्डर, सगळे तितक्याच तत्परतेने वर जाते. यातल्या बऱ्याच सेवा जुन्या आवृत्त्या काही दिवस जपून ठेवतात, साधारणपणे तीस दिवस. महिन्याभराने लक्षात आलेल्या चुकीला तिथे औषध नसते.

बॅकअप म्हणायचे ते मूळ फाइलपासून तुटलेल्या, जुन्या तारखांसह जपलेल्या प्रतीला. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात डिजिटल फोटो सांभाळण्यासाठी एक हिशेब दिला आणि तो पुढे सगळ्या संगणक जगाने उचलला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ऑनलाइन बॅकअप म्हणजे ही तिसरी, घराबाहेरची प्रत. तिची गरज महाराष्ट्राला वेगळी समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१२ च्या जूनमध्ये मंत्रालयाच्या आगीत फायली जळाल्या, २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये दुकाने, घरे आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके पाण्याखाली गेली. संगणक टेबलावर आणि त्याची बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात, अशी मांडणी असेल तर पुराला दोन्ही एकाच फेरीत मिळतात.

आता स्वस्ताईकडे. या धंद्याचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास म्हणजे ‘अमर्याद’ या आश्वासनाची एकामागून एक निघालेली दिवाळखोरी. मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हवरची अमर्याद जागा नोव्हेंबर २०१५ मध्ये मागे घेतली. काही ग्राहकांनी फारच साठवले, अशी तक्रार करत. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये अमर्याद योजना आणली, २०१७ मध्ये बंद केली आणि २०२३ च्या अखेरीस अ‍ॅमेझॉन ड्राइव्ह हे दुकानच आवरले. घरगुती ग्राहकांत लोकप्रिय असलेल्या क्रॅशप्लॅनने ऑगस्ट २०१७ मध्ये जाहीर केले की यापुढे फक्त कंपन्यांचे काम करणार. मोझी ही या क्षेत्रातली आद्य कंपनी. ती २०१८ मध्ये कार्बोनाइट या स्पर्धक कंपनीने घेतली आणि २०१९ च्या अखेरीस कार्बोनाइटच ओपनटेक्स्ट या आणखी मोठ्या कंपनीच्या पोटात गेली.

भारतात सगळ्यात जास्त जाणवला तो गूगल फोटोजचा निर्णय. मे २०१५ पासून किंचित दाबलेल्या आकाराचे हवे तितके फोटो फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले. हे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असतात. पुढे अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजायला सुरुवात झाली. कोटा भरला की नवे फोटो चढत नाहीत एवढ्यावर थांबत नाही. जीमेलवर पत्रे येणे बंद होते. बँकेचे स्टेटमेंट, रेल्वेचे तिकीट, मुलांच्या शाळेची सूचना, काहीच पोहोचत नाही. शिवाय दोन वर्षे हात न लावलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. आजोबांच्या नावाने काढून दिलेले आणि नंतर कोणी न उघडलेले खाते त्यात येते.

फुकट देणाऱ्यांची रांग तरीही संपलेली नाही. रिलायन्सने ऑगस्ट २०२४ च्या सर्वसाधारण सभेत जिओ ग्राहकांना १०० जीबीपर्यंत क्लाउड जागा जाहीर केली. एअरटेलने मे २०२५ मध्ये पोस्टपेड आणि वाय-फाय ग्राहकांना गूगलची १०० जीबी सहा महिने मोफत दिली. घ्यायला हरकत नाही. मात्र अशा जागेत एकमेव प्रत ठेवणे म्हणजे सहा महिन्यांनी येणारे बिल आजच कबूल करणे. काही परदेशी कंपन्या एकदाच पैसे घेऊन ‘आजीवन’ जागा विकतात. पीक्लाउडच्या अटींत या आजीवनचा अर्थ दिलेला आहे: ९९ वर्षे किंवा खातेदाराचे आयुष्य, यांतले जे कमी असेल ते. कंपनीचे आयुष्य किती, याबद्दल अर्थातच कोणी लिहून देत नाही.

पैसे देऊन घ्यायचे म्हटले तर भाव काय आहेत? गूगलची १०० जीबीची योजना भारतात बरीच वर्षे महिना १३० रुपयांना आणि २ टीबीची ६५० रुपयांना मिळत आली आहे. अ‍ॅपलची सर्वांत लहान, ५० जीबीची, ७५ रुपयांना. यात एक सोय अशी की जागा घरातल्या पाच जणांबरोबर वाटून घेता येते. आणि एक गैरसोय अशी की गूगलच्या कुटुंबगटात सगळे एकाच देशातले लागतात. न्यू जर्सीतल्या मुलाने घेतलेल्या योजनेत डोंबिवलीतल्या आईवडिलांना बसवता येत नाही.

खऱ्या अर्थाने बॅकअप करणाऱ्या सेवांत बॅकब्लेझ हे नाव पहिले घ्यावे लागते. २००७ पासूनची ही अमेरिकी कंपनी एका संगणकातले सगळे वैयक्तिक दस्तऐवज, कितीही असोत, वर ठेवते. महिना पाच डॉलरने सुरुवात झाली होती. ऑक्टोबर २०२३ पासून दर महिना ९ किंवा वर्षाला ९९ डॉलर आहे, म्हणजे आठ-नऊ हजार रुपयांच्या घरात. एवढी वर्षे ‘अमर्याद’ टिकवलेली ही जवळपास एकटीच. अटी आहेतच: पैसे दर संगणकामागे, फोन त्यात नाही, आणि बाहेरची हार्ड डिस्क ठरावीक दिवसांत पुन्हा जोडली नाही तर तिची प्रत काढून टाकली जाऊ शकते. आयड्राइव्ह उलट बाजूने येते: जागा मर्यादित, पण एका खात्यात घरातले सगळे फोन आणि संगणक. तिथला पहिल्या वर्षाचा भाव भुलवणारा असतो. दुसऱ्या वर्षाचा आकडा आधी वाचून मग कार्ड काढावे.

कार्डाचाच विषय निघाला म्हणून एक खास भारतीय अडचण. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ग्राहकाची नोंदणीकृत संमती लागते. नियम ग्राहकाच्या भल्याचाच, पण अनेक परदेशी सेवांनी ती व्यवस्था केली नाही आणि भारतीय कार्डे नाकारली जाऊ लागली. बॅकअपच्या बाबतीत याचा परिणाम वाईट होतो. वर्गणी थकल्याची ईमेल प्रमोशनच्या गठ्ठ्यात पडून राहते, मुदत संपते आणि सर्व्हरवरची प्रत नियमाप्रमाणे पुसली जाते. गूगल आणि अ‍ॅपल यूपीआय घेतात; बाकीच्यांच्या बाबतीत वर्षाचे पैसे एकदम भरून नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.

संगणकाची थोडी सवय असलेल्यांसाठी याहून स्वस्त वाट आहे: सॉफ्टवेअर एकाचे, जागा दुसऱ्याची. रेस्टिक, कोपिया, बोर्ग, डुप्लिकाटी ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळतात. ती फायलींचे तुकडे करतात, एकसारखा तुकडा दुसऱ्यांदा चढवत नाहीत आणि घरातून बाहेर पडण्याआधीच प्रत्येक तुकड्याला कुलूप घालतात. रोजच्या रोज बॅकअप घेतला तरी वर जातो तो फक्त बदल. म्हणून वर्षभराच्या तीनशे पासष्ट प्रती ठेवूनही जागा मूळच्यापेक्षा थोडीच जास्त लागते. अशा प्रती बॅकब्लेझच्याच बी२ नावाच्या गोदामात ठेवल्या तर १ टीबीला महिना ६ डॉलर पडतात. एका कुटुंबाचा ४०० जीबीचा संसार धरला, तर महिना दोनशे रुपयांच्या आसपास. या मार्गाचा तोटा एकच, पण मोठा: काही बिघडले तर फोन उचलणारे कोणी नसते.

इथेच भावफलकाची खरी मेख दिसते. अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या गोदामात हेच ४०० जीबी अमेरिकेतल्या दराने वर्षाला पाच डॉलरच्या आत राहतात. यापेक्षा स्वस्त काय असणार? पण संगणक बंद पडला आणि सगळे परत हवे झाले, की आधी बारा ते अठ्ठेचाळीस तास थांबायचे आणि मग इंटरनेटवरून उतरवून घेण्याचे पंचवीस डॉलरहून जास्त मोजायचे. पाच वर्षांच्या भाड्याएवढी रक्कम एका परतीच्या फेरीला लागते. कधीतरी, अगदीच शेवटचा आसरा म्हणून लागणाऱ्या प्रतीसाठी हे गोदाम उत्तम आहे. दर महिन्याला काहीतरी शोधायला लागणाऱ्या माणसासाठी नाही. जाहिरातीत आकडा ठेवण्याचा असतो, परत घेण्याचा विचारून घ्यावा लागतो.

सुरक्षिततेचा प्रश्नही याच टोकाकडून पाहिला तर सुटसुटीत होतो. जवळजवळ सगळ्या कंपन्या ‘एन्क्रिप्शन’ म्हणतात आणि खोटे बोलत नाहीत. विचारायचे ते एवढेच की किल्ली कोणाकडे. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे फायली कुलपात असतात, पण किल्ली कंपनीकडे असते. त्याचा फायदा असा की पासवर्ड विसरला तरी खाते परत मिळवता येते. तोटा असा की कंपनी, किंवा कायद्याचा कागद घेऊन आलेले सरकार, ते कुलूप उघडू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकिगत छापली. आजारी मुलाचा फोटो डॉक्टरला दाखवण्यासाठी त्याने काढला होता, गूगलच्या यंत्रणेने तो बालशोषणाचा ठरवला आणि खाते बंद केले. पोलिसांनी तपास करून त्याला निर्दोष ठरवले, तरी गूगलने खाते दिले नाही. ईमेल, फोटो, संपर्क, त्याच कंपनीचा फोन नंबरसुद्धा गेला. सगळे एकाच छपराखाली ठेवण्याचा हा धोका चोराच्या धोक्यापेक्षा कमी नाही.

किल्ली फक्त ग्राहकाकडे ठेवण्याची पद्धत आता बरीच पसरली आहे. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ च्या ऑक्टोबरात बॅकअपला असे कुलूप दिले; पासवर्ड नको असेल तर ६४ आकडी किल्ली मिळते. हे आपोआप चालू नसते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावे लागते. अ‍ॅपलने डिसेंबर २०२२ पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आणले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारच्या दबावाखाली नव्या ग्राहकांसाठी ते मागे घेतले. प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेझोरिट या स्वित्झर्लंडच्या सेवा आणि फोटोंसाठी भारतीय संस्थापकाने सुरू केलेले एन्टे याच पंथातले. गूगल ड्राइव्ह सोडायचे नसेल तर क्रिप्टोमेटर नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. ते ड्राइव्हमध्येच कुलूपबंद फोल्डर तयार करते. गूगलला आत काय आहे ते दिसत नाही.

तरीही ‘एंड-टू-एंड’ अशी पाटी पाहून डोळे मिटावेत अशी स्थिती नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा पाच सेवा तपासल्या: सिंक.कॉम, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेझोरिट. पहिल्या चारांमध्ये गंभीर दोष निघाले. सर्व्हर शत्रूच्या हाती गेला तर फायली वाचता किंवा बदलता येतील, असे हे दोष होते. ट्रेझोरिट त्यात बऱ्यापैकी सुटली. बॅकब्लेझमध्ये खासगी किल्ली ठेवता येते, पण फाइल परत घेताना ती किल्ली कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावी लागत आली आहे. म्हणजे कुलूप भक्कम, पण ते उघडायच्या वेळी किल्ली शेजाऱ्याच्या हातात. आणि २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीकडून चोरांनी नेले ते ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअपच होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांबलचक होता ते निवांत राहिले. वाढदिवसाची तारीख ठेवणाऱ्यांना तसे राहता आले नसेल.

किल्ली आपल्याकडे म्हणजे हरवली तरी जबाबदारी आपलीच, हे आलेच. कंपनीला कितीही विनवण्या केल्या तरी ती उघडू शकत नाही. म्हणून ती कागदावर लिहून एफडीच्या पावत्या आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवावी, दुसरी प्रत बहीण-भावाकडे. घरातला संगणक सांभाळणारा माणूस अचानक गेला तर बाकीच्यांनी काय करायचे, हेही त्याच पाकिटात असावे. गूगलचे ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ २०१३ पासून आहे, अ‍ॅपलचा ‘लेगसी काँटॅक्ट’ २०२१ पासून. दोन्ही फुकट, दोन्ही पाच मिनिटांची कामे, आणि दोन्ही बहुतेकांनी कधी उघडूनही पाहिलेली नसतात.

बॅकअप आहे असे वाटत राहणे आणि तो असणे यांत किती अंतर पडते, त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण एका तंत्रज्ञान कंपनीचेच आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामरांच्या सेवेचा एक थकलेला अभियंता एका दुय्यम सर्व्हरवरचा डेटा साफ करत होता. आज्ञा दिली आणि दोन-एक सेकंदांत त्याच्या लक्षात आले की हा तो सर्व्हर नाही, हा तर मुख्य आहे. तोवर ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. काही हरकत नाही, बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. एकेक उघडत गेले. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारा निघाला. तो रोज मुकाट्याने अपयशी ठरत होता. अपयशाची ईमेल पाठवली जात होती, पण तिच्यावर योग्य सही नसल्याने पत्रपेटीच ती नाकारत होती. अ‍ॅमेझॉनवरच्या गोदामात पाहिले तर ते रिकामे. शेवटी वाचवले ते सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सगळे लपवले नाही. दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, ही तिची शाबासकी.

दक्षिण कोरियात असा योगायोगही वाट्याला आला नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉनच्या सरकारी माहिती केंद्रात लिथियम बॅटरीला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘जी-ड्राइव्ह’ जळाला. ८५८ टीबी. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच नव्हती. आणि कर्मचाऱ्यांना सूचना काय होती? फायली स्वतःच्या संगणकावर ठेवू नका, जी-ड्राइव्हवर ठेवा.

दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये रॅन्समवेअरने सर्व्हर बंद पाडले, दोन आठवडे केसपेपर हाताने लिहावे लागले. पण हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून रुग्णांची माहिती परत मिळाली. तुटलेली, वेगळी ठेवलेली प्रत कशासाठी, ते इथे दिसते.

घरी पहिला अडथळा वेगाचा येतो. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत उतरवण्याचा वेग सांगतात, बॅकअपला लागतो चढवण्याचा. ४०० जीबी २० एमबीपीएसने चढवायला सलग चव्वेचाळीस तास लागतात. फोनच्या हॉटस्पॉटवर ५ एमबीपीएस मिळत असेल तर आठवडा उलटतो. म्हणून पहिला बॅकअप रात्री चालू ठेवून, फोल्डर निवडून, टप्प्याटप्प्याने घ्यावा: आधी कागदपत्रे, मग मुलांचे फोटो, शेवटी व्हिडिओ. सिनेमे वर चढवण्यात अर्थ नाही. डिजिलॉकरमध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेल्या कागदांचीही काळजी नको, ते पुन्हा मिळतात.

एक गोष्ट मात्र खास मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. नव्वदच्या दशकापासून पुढे पंधरा-वीस वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम, एपीएस अशा फाँटांत टाइप झाला. या फायलींत खरे तर इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. बॅकअप अगदी चोख झाला आणि फाँट नसलेल्या नव्या संगणकावर फाइल उघडली, तर वाचायला काही मिळत नाही. कोणाकडे वडिलांचे हस्तलिखित असे टाइप केलेले असेल, तर त्याची युनिकोडमधली आणि पीडीएफमधली प्रत करून मगच वर चढवावी. फाँटच्या फायलीही बरोबर ठेवाव्यात.

या सगळ्यातला एक उपरोध पुण्याच्या वाट्याला आला आहे. व्हेरिटाससारख्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या कंपनीचे मोठे संशोधन केंद्र तिथे उभे राहिले, २००८ मध्ये ड्रुवा तिथेच जन्मली आणि जगभरच्या कंपन्यांचे लॅपटॉप सांभाळू लागली. बॅकअपची जाणकार डोकी एवढ्या संख्येने असलेले शहर भारतात दुसरे शोधावे लागेल. पण हा सारा माल कंपन्यांसाठी. घरगुती ग्राहकासाठी मराठीत सूचना देणारे, रुपयांत आणि यूपीआयने पैसे घेणारे, किल्ली ग्राहकाकडे ठेवणारे एक साधे सॉफ्टवेअर तिथल्या कोणी मनावर घेतले तर गिऱ्हाइकांची कमतरता पडू नये.

तोवर सर्वसाधारण घराने काय करावे? फोनमधल्या फोटोंसाठी गूगल किंवा अ‍ॅपलची लहानशी विकत योजना पुरते. त्या एकाच छपराखाली सगळे राहू नये म्हणून महिन्यातून एकदा हार्ड डिस्कवर दुसरी प्रत काढून डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. पॅन, करविवरणे, खरेदीखत, वैद्यकीय अहवाल यांना जागा थोडी लागते. ते प्रोटॉनसारख्या सेवेत किंवा क्रिप्टोमेटरच्या फोल्डरमध्ये ठेवावेत. लेखक, छायाचित्रकार, घरून धंदा करणारे यांनी बॅकब्लेझ किंवा आयड्राइव्हला वर्षाचे पैसे मोजायला कुरकुर करू नये. नव्या फोनच्या काचेला याहून जास्त खर्च होतो. आणि कोणतीही सेवा घ्या, चाचणीची मुदत संपायच्या आत दुसऱ्याच एखाद्या संगणकावर बसून तिच्यातून दोन-तीन फायली उतरवा, उघडून बघा, किती वेळ लागला ते मोजा. पैसे भरायचे की नाही ते त्यानंतर ठरवा.